शरीराची स्मृती आणि दुसरा डोस

(ग्रामपंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या तालुका मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्य उपकेंद्रावर लसीकरणाचा दिवस असला म्हणजे तेथील परिचारिकेला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "नर्सबाई, मागच्या वेळी डोस दिला तर पोराला रात्रभर ताप आला. आता पुन्हा तोच डोस कशाला?" हा प्रश्न विचारणारी आई अडाणी आहे असे समजण्याचे कारण नाही. तिचा प्रश्न रास्त आहे. औषध एकदा दिले, ते अंगी लागले. मग पुन्हा सुई का टोचावयाची? "शासनाचा तसा नियम आहे" एवढेच उत्तर तिला मिळाले तर तिचे समाधान होत नाही. पुढच्या वेळी ती येत नाही, बाळाचे कार्ड पेटीच्या तळाशी जाते आणि त्या बालकाचे संरक्षण अर्ध्यावर राहते.

या प्रश्नाचे खरे उत्तर नियमपुस्तिकेत नाही, ते आपल्या शरीराच्या रचनेत आहे. मी वैद्यकाचा नव्हे, कलाशाखेचा पदवीधर आहे. परंतु तज्ज्ञांना जे ठाऊक आहे ते सर्वांना समजेल अशा भाषेत पोहोचविणे हे माहिती खात्यातील माणसाचे कामच आहे. आज मला आपणांपुढे एकच गोष्ट मांडावयाची आहे. शरीर काही संरक्षण जन्मतः घेऊन येते आणि उरलेले ते शिकते. आणि जे शिकावयाचे असते ते एका धड्यात पुरे होत नाही.

उपजत संरक्षण

प्रथम जन्मजात संरक्षणाचा विचार करू. आपली त्वचा ही पहिली तटबंदी होय. नाकातील व घशातील चिकट स्राव जंतूंना अडकवून ठेवतो, जठरातील आम्ल अन्नाबरोबर गेलेले असंख्य जंतू मारते, आणि डोळ्यांतील अश्रूंमध्ये जंतूंचे कवच विरघळविणारे द्रव्य असते. हे द्रव्य १९२२ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी शोधून काढले. पेनिसिलिनचा शोध लावणारे शास्त्रज्ञ ते हेच.

शेतात अनवाणी चालताना पायात काटा मोडला की ही तटबंदी फुटते. थोड्याच वेळात ती जागा लाल होते, गरम होते, सुजते आणि ठणकते. पुढे तेथे पू धरतो. याचा अर्थ काय, हे १८८२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह यांना अशाच एका काट्यामुळे उमगले. इटलीतील मेसिना या बंदराच्या गावी ते सागरी जीवांचा अभ्यास करीत होते. तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात त्यांनी बारीक काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. या पेशी परक्या वस्तूला गिळावयास धावून आल्या होत्या. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी कित्येक याच जातीच्या भक्षक पेशी आहेत. त्यांतील एकाच प्रकारच्या पेशी आपली अस्थिमज्जा दररोज सुमारे १०० अब्ज इतक्या तयार करते. त्यांचे आयुष्य अल्प असते. जखमेतील पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेल्या अशा पेशीच होत. या शोधाबद्दल मेचनिकोव्ह यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या उपजत संरक्षणाचा मोठा गुण म्हणजे त्याची तत्परता. ते काही मिनिटांत, काही तासांत कामाला लागते. जुन्या काळी गावाच्या वेशीवर जागल्या असे. रात्री अपरात्री येणाऱ्या कोणाही अनोळखी माणसाला तो हटकत असे. हे संरक्षण तसे आहे. ते जंतूंच्या अंगची काही ठरावीक सर्वसाधारण लक्षणे ओळखते. हाच जागल्या हाकाटी करतो, तेव्हा रक्तात काही संदेशद्रव्ये सोडली जातात. ती मेंदूपर्यंत पोहोचली की अंगात ताप चढतो. लस टोचल्यानंतर एखाद-दुसरा दिवस येणारा ताप हा बहुधा अशाच हाकाटीचा असतो. अर्थात ताप आला नाही म्हणून लस वाया गेली असे नव्हे. मात्र ताप फार चढला, उतरेनासा झाला किंवा बाळाला झटके आले तर त्याला विनाविलंब दवाखान्यात नेले पाहिजे.

परंतु या जागल्याजवळ नोंदवही फारशी नसते. गोवर कोणता आणि घटसर्प कोणता हे नेमके वेगळे ओळखणे आणि ते वर्षानुवर्षे ध्यानात ठेवणे, हे काम दुसऱ्या व्यवस्थेचे आहे.

अर्जित संरक्षण

ही दुसरी व्यवस्था म्हणजे अर्जित, अर्थात कमावलेली प्रतिकारशक्ती. जंतूंनी शरीरात प्रवेश केला की काही शाखायुक्त पेशी त्यांचे तुकडे उचलतात आणि जवळच्या लसीका ग्रंथीकडे निघतात. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये झान्व्हिल कोहन यांच्यासमवेत या पेशींचे वर्णन केले. लसीका ग्रंथी आपल्या काखेत, जांघेत व मानेत असतात. पायाची जखम चिघळली की जांघेत गाठ येते. तिला आपण 'अवधाण आले' असे म्हणतो. ती गाठ हा निराळा रोग नव्हे. तेथे एका अर्थी शाळा भरलेली असते.

या शाळेत दोन प्रकारच्या लसीका पेशी असतात. एकीला बी पेशी म्हणतात, दुसरीला टी पेशी. दोन्हींचा जन्म अस्थिमज्जेत होतो. टी पेशी मात्र छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस या ग्रंथीत वाढतात व तेथे त्यांची कडक परीक्षा होते. ज्या पेशी आपल्याच शरीरावर उलटतील किंवा ज्यांना काहीच ओळखता येत नाही, त्या बाद केल्या जातात. बहुसंख्य पेशी या परीक्षेत नापास होतात. यातून निसटलेल्या काही स्वघातक पेशींना आवर घालणाऱ्या नियंत्रक टी पेशीही असतात. त्यांच्याविषयीच्या संशोधनालाच २०२५ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

जगात कोणकोणते जंतू आपल्याला गाठणार हे शरीराला आधी कसे कळावे? ते कळत नाही. म्हणूनच त्याने निराळी योजना केली आहे. वर्णमालेतील मोजक्या अक्षरांची जुळणी बदलून आपण असंख्य शब्द बनवितो. त्याप्रमाणे मोजक्या जनुकांचे तुकडे निरनिराळ्या तऱ्हेने जोडून शरीर अब्जावधी भिन्न लसीका पेशी तयार ठेवते. हे रहस्य जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये उलगडले. या अब्जावधी पेशींपैकी एखाद्या जंतूशी नेमकी जुळणारी पेशी फार विरळा असते. ती ग्रंथीत सापडली की तिची वाढ सुरू होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चारांच्या आठ, अशा रीतीने तिची फौज तयार होते. बी पेशींची फौज प्रतिपिंडे नावाची द्रव्ये रक्तात सोडते. ती जंतूंना किंवा त्यांच्या विषाला चिकटून निकामी करतात. टी पेशींपैकी काही या कामी साहाय्य करतात, तर काही विषाणूने ग्रासलेल्या पेशींचा नाश करतात.

परंतु या तयारीला वेळ लागतो. पहिल्या गाठीभेटीत पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास आठवडा दोन आठवडे जातात. रोग जहाल असेल तर तेवढ्या अवधीत तो रोग्याला आटोपून मोकळा होतो. लढाई जिंकली तर मात्र फौजेतील काही पेशी मागे राहतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. तोच जंतू पुन्हा आला की त्या थोड्याच दिवसांत, पहिल्यापेक्षा अधिक आणि अधिक नेमकी प्रतिपिंडे तयार करवितात. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण येथे एकाच शरीराला लागू पडते.

पासष्ट वर्षांची आठवण

ही स्मृती किती टिकते? याचे एक लख्ख उदाहरण उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर मिळाले. ही बेटे डेन्मार्कच्या अमलाखाली होती. तेथे १७८१ मध्ये गोवराची साथ आली व गेली. त्यानंतर दीर्घकाळ त्या एकाकी बेटांवर गोवर नव्हता. १८४६ मध्ये एका प्रवाशाबरोबर तो पुन्हा आला आणि सुमारे ७,८०० लोकवस्तीपैकी ६,००० हून अधिक माणसे आजारी पडली. डेन्मार्कच्या सरकारने पीटर पानुम या तरुण डॉक्टरांना तेथे पाठविले. त्यांना आढळून आले की, ज्या वृद्धांना बालपणी, १७८१ मध्ये, गोवर येऊन गेला होता, त्यांना या वेळी तो झाला नाही; ज्यांना तेव्हा झाला नव्हता ते वृद्ध मात्र तरुणांप्रमाणेच आजारी पडले. पासष्ट वर्षांत गोवराची पुन्हा गाठ पडली नव्हती, तरी त्या देहांना त्याचे विस्मरण झाले नव्हते.

त्या बेटांनी आणखीही एक गोष्ट शिकविली. आजोबांचे शरीर जे शिकले ते नातवाला वारसा म्हणून मिळत नाही. घरदार, जमीन, आडनाव हे सारे वारशाने मिळते. अर्जित प्रतिकारशक्ती मिळत नाही. गर्भात असताना आईची प्रतिपिंडे नाळेवाटे बाळाला मिळतात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या पिवळसर चिकातून व पुढे अंगावरच्या दुधातूनही काही संरक्षण लाभते. म्हणून तो चीक कधीही पिळून टाकू नये. परंतु नाळेतून मिळालेली शिदोरी काही महिन्यांत सरते. त्यानंतर प्रत्येक बालकाला पहिल्या इयत्तेपासून सुरुवात करावी लागते.

रोगावाचून धडा

हा धडा रोग न होता देता आला तर? इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गोस्तन देवीची लस टोचून हे साधले. जहाजाने व जमिनीने, बगदाद व बसरा या मार्गाने ती लस मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती यशस्वीपणे टोचण्यात आली. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण होय. पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्यांचे नाव धारण करून उभी आहे.

आपल्या सभेतील वडीलधाऱ्यांच्या दंडावर देवी काढल्याचे वण अजून दिसतील; तरुणांच्या दंडावर ते नाहीत. मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. ज्याचे ठाणे गावोगाव होते तो रोग संपल्यामुळेच त्याची लस बंद झाली. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. ही कामे कोणा एका शास्त्रज्ञाची नव्हेत. दारोदार हिंडलेल्या लक्षावधी कर्मचाऱ्यांची व त्यांना दार उघडणाऱ्या घरांची ती आहेत.

दुसरा डोस कशासाठी

आता त्या आईच्या प्रश्नाकडे वळू. तिला दोन उत्तरे द्यावी लागतील.

पहिले उत्तर घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांच्या संबंधात आहे. या लसींत जिवंत जंतू नसतात. त्यामुळे एका डोसाने उमटलेला ठसा पुसट असतो. शिक्षक मंडळींना हे सांगावयास नको. पाढा एकदा म्हणून घेतला तर दुसऱ्या दिवशी तो आठवत नाही. मध्ये अंतर ठेवून पुन्हा म्हणून घेतला की पक्का होतो. शरीराचेही तसेच आहे. दोन डोसांमधील चार आठवड्यांत ग्रंथीत निवड चालू असते; अधिक घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे करणाऱ्या पेशी पुढे येतात, आणि पुढचा डोस त्यांना बळ देतो. म्हणूनच पंचगुणी लस ६, १० व १४ आठवड्यांना देतात, आणि पुढे दीड-दोन वर्षांच्या सुमारास व पाचव्या वर्षी त्रिगुणी लसीचे वर्धक डोस देतात.

दुसरे उत्तर गोवराचे आहे. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्याआधी आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात असतात व ती लसीलाच निष्प्रभ करू शकतात. नवव्या महिन्यातही काही बालकांत ती उरलेली असतात. म्हणून या वयात दिलेल्या डोसाने १०० पैकी सुमारे ८५ बालकांना संरक्षण मिळते. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचा दुसरा डोस मुख्यतः उरलेल्यांसाठी असतो. ती बालके कोणती हे वरून ओळखता येत नाही. म्हणून तो सर्वांनाच द्यावा लागतो.

आता एक साधा हिशेब करू. समजा, गावात १०० बालके आहेत. ९० जणांना पहिला डोस मिळाला. नोंदवहीत नव्वद टक्के लिहिले गेले आणि आपण निश्चिंत झालो. प्रत्यक्षात संरक्षण मिळाले ते सुमारे ७६ जणांना. चोवीस बालके उघडी आहेत, आणि त्यांतील चौदांच्या आईवडिलांना तर ती सुरक्षित वाटतात. गोवराचा एक रोगी, आसपास कोणालाच संरक्षण नसेल तर, १२ ते १८ जणांना तो देतो. त्याला गावात थारा मिळू नये यासाठी १०० पैकी सुमारे ९५ जण संरक्षित असावे लागतात. नव्वदही बालकांना दुसरा डोस मिळाला तर त्या चौदांपैकी बहुतेक सुरक्षित होतील. तरीही आपण नव्वदीच्या अलीकडेच राहू. मुळीच न आलेली दहा बालके शोधून आणल्याखेरीज हा आकडा गाठता येत नाही.

आठवण पुसणारा रोग

"गोवर अंगावर निघून गेलेला बरा, त्याने अंगातील उष्णता जाते," असे अजूनही काही घरांत म्हणतात. गोवराचा ताप ओसरला, पुरळ गेले, मूल खेळू लागले, की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु गोवराचा विषाणू शरीरातील स्मृतिपेशींवरच घाला घालतो. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ बालकांच्या रक्ताची तपासणी करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, गोवरानंतर त्यांच्यातील इतर रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. अनेक आजारांतून मुलाने कमावलेले ज्ञान एका गोवराने पुसले जाते. गोवरानंतर काही मुले वारंवार आजारी का पडतात, याचे एक कारण यात आहे. लसीने अशी हानी होत नाही.

कोविडच्या साथीत २०२० व २०२१ मध्ये नेहमीच्या लसीकरणात खंड पडला. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्तीत गोवराची साथ आली व त्यात बालके दगावली. राहिलेला धडा रोग कसा वसूल करतो, हे आपण आपल्याच राज्यात पाहिले.

धनुर्वात मात्र वेगळ्या तऱ्हेचा आहे. त्याचे जंतू मातीत व शेणात असतात. तो माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे शेजाऱ्याने लस घेतली म्हणून आपण वाचत नाही. शिवाय त्याचे विष इतके जहाल आहे की, जीव घेण्यास पुरेल एवढ्या विषानेही शरीराला धडा मिळत नाही. धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस घ्यावी लागते. गरोदर मातेला ती दिली की तिची प्रतिपिंडे नाळेतून बाळाकडे जातात व नवजात अर्भकाचे रक्षण होते. स्वच्छ बाळंतपण व ही लस यांच्या जोरावर २०१५ मध्ये भारताने माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन साधले. दहाव्या व सोळाव्या वर्षीचे डोस ही आठवण ताजी ठेवण्यासाठी आहेत. शाळांनी ते विसरू नये.

आपल्या हातचे काम

मित्रहो, यात आपण काय करावे? सरपंच व सदस्यांनी ग्रामसभेत 'किती जणांनी लस घेतली' एवढेच न विचारता 'किती जणांचा दुसरा डोस राहिला' हे विचारावे. संपूर्ण गावाची टक्केवारी चांगली दिसते, पण एखादी वाडी, एखादा पाडा किंवा वीटभट्टीवरची पाच झोपडी मागे राहते. रोगाला तेवढी जागा पुरते. शिक्षकांनी पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी माता व बाल संरक्षण कार्ड पाहावे आणि राहिलेल्यांची नावे आशाताईंना कळवावीत. कार्ड नाही म्हणून प्रवेश मात्र नाकारू नये. ते मूल शाळेत येणे हीच त्याला शोधून काढण्याची संधी होय.

बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांचा विचार वेगळा करावा लागेल. बाळाचा नववा महिना किंवा दुसरा डोस नेमका फडावर असताना येतो. निघण्यापूर्वी त्यांच्या बालकांची यादी करावी, कार्ड बरोबर न्यावयास सांगावे, आणि कारखान्याच्या गावच्या उपकेंद्रातही लस मोफत मिळते हे समजावून द्यावे. डोसाची तारीख टळली म्हणून सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागत नाही. जेथे खंड पडला तेथूनच पुढे सुरू करता येते. संकोचाने घरी बसलेल्या कित्येक माता एवढे कळले तरी येतील.

आणि त्या आईला उत्तर देताना तिला रागावू नये. तिला सांगावे, "ताई, बाळाचे शरीर पहिल्या डोसाने धडा वाचावयास लागले, दुसऱ्याने तो पक्का होईल. रोग दारात आल्यावर शिकावयास वेळ मिळत नाही." तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही हे आपल्या दुष्काळी भागातील माणसाला दुसऱ्या कोणी शिकवावे लागत नाही.

उपजत संरक्षण निसर्गाने दिले आहे. त्यासाठी आपणांस काही करावे लागत नाही. जे शिकावयाचे आहे ते वेळेवर शिकविणे हे मात्र आपले काम आहे, आणि दरवर्षी जन्माला येणाऱ्या प्रत्येक बालकासाठी ते नव्याने करावे लागणार आहे. ते आपण मनापासून कराल असा विश्वास व्यक्त करून मी माझे भाषण संपवितो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!